परवानगीची चौकट

१

“मी काहीही दाबलेलं नाही.”

“काकू, माझ्यासमोर लिहून आलंय. ‘वापरणाऱ्याने रद्द केलं.’ वापरणाऱ्या तुम्ही.”

“मग तुझं यंत्र खोटं बोलतंय.”

“चार वेळा?”

चार वेळा, हे खरं होतं. फोन स्पीकरवर टाकून मी कीबोर्डशेजारी ठेवला होता आणि हितेंद्र ऐरोलीच्या कुठल्याशा इमारतीतून माझ्याशी वाद घालत होता. मी ज्या कंपनीचं काम करते तिथला हा मदतीचा माणूस. आवाजावरून तिशीचा असावा. सुरुवातीला मॅडम म्हणत होता. मी म्हटलं, मॅडम नको, साटमकाकू म्हण. तेव्हापासून तो मला काकू म्हणून खोटं पाडत होता.

भांडण एका बटणाचं होतं. कंपनीचा नवा नियम असा की आता सगळ्यांनी व्हीपीएनमधूनच यायचं. म्हणजे घरापासून कंपनीपर्यंत एक बंद वाट, मधला कोणी डोकावू नये म्हणून. त्या वाटेसाठी विंडोजमध्ये एक नकली नेटवर्क कार्ड उभं करावं लागतं, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा छोटा प्रोग्रॅम, बसवावा लागतो. तो बसत नव्हता. म्हणून हितेंद्र लांबून माझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरला होता आणि माझ्या पडद्यावर त्याचा बाण फिरत होता.

ड्रायव्हर बसवायच्या आधी विंडोज सगळा पडदा काळा करून टाकतं आणि मधोमध एक चौकट आणतं. बदल करू द्यायचा का? येस, नो. ही चौकट लांबच्या माणसाला दिसत नाही. त्याच्याकडे पडदा नुसता काळा होतो. बटण दाबायचं ते इथे, खुर्चीत बसलेल्याने. चारही वेळा चौकट आली आणि चारही वेळा नो दाबलं गेलं.

खुर्चीत मी होते. माझे हात मांडीवर होते.

२

माझं नाव अंबिका लवू साटम. वय त्र्याहत्तर. शिक्षण आठवी, तेही कणकवलीच्या पुढच्या एका गावात. बाकी जे येतं ते मी मला शिकवलं आहे. इंग्रजी डब्यांवरची लेबलं वाचून शिकले, टायपिंग शेजारच्या पोरींच्या पुस्तकावरून, आणि कॉम्प्युटर तो उघडून. मुलाने, राहुलने, त्याचा जुना कॉम्प्युटर भंगारात काढला तेव्हा मी तो ठेवून घेतला. स्क्रू काढले, धूळ झाडली, कुठली वायर कुठे जाते ते कागदावर काढून ठेवलं आणि परत बसवला. चालला. हे सांगते ते मोठेपणासाठी नाही. मोठेपणासाठीही सांगते, पण मुख्य म्हणजे मी यंत्राला घाबरणारी बाई नाही हे वाचणाऱ्याला आधी कळावं.

काम माझं असं. जुन्या मराठी दप्तरांचे फोटो कंपनी पाठवते, मशीन ते वाचतं आणि चुकतं. ‘घर’ला ‘धर’ वाचतं. मी सुधारते. दिवसाला चाळीस पानं. त्या कामाच्या लोकांत माझ्या चुका सर्वांत कमी निघतात, हे त्यांच्याच तक्त्यात आहे.

लालबागच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर माझ्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत गॅलरीकडच्या खिडकीला लागून कॉम्प्युटर, आतल्या खोलीत चूल, मोरी आणि माझी खाट. राहुल पनवेलला असतो. तो आणि सून प्रिती दर महिन्याला एकदा येऊन खोल्या भाड्याने द्यायचा विषय काढतात. गेल्या गणपतीत मी राहुलशी ठरावच केला. माझं काम चालू आहे तोवर मी इथे. काम संपलं की मी मुकाट्याने पनवेल. तोही कबूल झाला आणि मीही. मी शब्द फिरवत नाही, म्हणून अडचण होती.

कारण कंपनीचं पत्र होतं: आज संध्याकाळी पाचपर्यंत जे व्हीपीएनवर येणार नाहीत त्यांचं खातं बंद, पानं दुसऱ्यांना.

हितेंद्रशी माझा वाद पेटला तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती.

३

सकाळपासून मी एकटीच झगडत होते. सकाळच्या अडचणी सगळ्या सरळ होत्या, त्यांना कारणं होती. विंडोजचं अपडेट अर्धवट राहिलं होतं, ते पुरं केलं. जुन्या कुठल्यातरी प्रोग्रॅमचा उरलासुरला ड्रायव्हर आडवा येत होता, तो काढला. तीनदा बंद करून चालू केलं. कंपनीच्या मदत-नंबरवर नाव नोंदवलं, तेव्हा कुठे सव्वातीनला हितेंद्रचा फोन आला. त्याने पंधरा मिनिटांत उरलेली घाण साफ केली. काम जाणणारा माणूस आहे, ते मी मान्य करते. साडेतीनला म्हणाला, काकू, आता दोन मिनिटांचं काम, चौकट येईल, येस दाबा.

पडदा काळवंडला. चौकट आली. मी माउसकडे हात नेईपर्यंत ‘नो’चं बटण आत दबलं आणि चौकट गेली.

मी विचार केला तो असा. चौकटीत आधीपासून ‘नो’च निवडलेलं असतं, म्हणजे एंटर अडकला असेल तर तेच दाबलं जाणार. सरळ कारण. मी कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटला. त्यातून कचरा पडला. बडीशेपेचे दोन दाणे, आणि पांढरा भुरा, हलका, पिंजलेल्या कापसाचा असतो तसा. माझ्या घरात उशासुद्धा फोमच्या आहेत. पण चाळ आहे, वारा आहे, कुठूनही काही येतं. मी तो भुरा पुसून टाकला.

दुसऱ्यांदा नो. हितेंद्र म्हणाला, उत्तर दिलं नाही तर दोन मिनिटांनी चौकट आपोआप नकार धरते, तसं झालं असेल. मग त्यानेच नोंद बघितली. चौकट चार सेकंदांत गेली होती.

तिसऱ्या वेळी मी कीबोर्डची वायर मागून उपटली. नो. चौथ्या वेळी माउसचीही उपटली आणि हात मांडीवर ठेवून बसले. बटण दबताना मी नीट पाहिलं. ते घाईने दबलं नाही. बोट ठेवून माणूस जरा थांबतो, मग दाबतो, तसं दबलं.

हितेंद्रला वायरी उपटल्याचं सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. का बसावा? त्याच्या जागी मी असते तर मलाही त्र्याहत्तर वर्षांची बाई गोंधळलीय असंच वाटलं असतं. पण हे मी त्याला थोडंच सांगणार होते.

मी दोन्ही वायरी परत जोडल्या.

४

चार वाजले. हितेंद्र आता बटणावरून हटला आणि यादीत शिरला. कॉम्प्युटरला काय काय जोडलेलं आहे त्याची विंडोजमध्ये एक यादी असते. त्यात ‘लपलेली दाखवा’ असं म्हटलं की जी यंत्रं कधीकाळी जोडलेली होती आणि आता नाहीत, तीही फिकट रंगात दिसतात. मला हे ठाऊक होतं. एकेकाळचा प्रिंटर, राहुलचा जुना फोन, असं कायकाय तिथे पडून असतं.

नेटवर्कच्या खाली एक फिकट कार्ड होतं. त्याला कंपनीचं नाव नव्हतं, नंबर नव्हता. हितेंद्रने ते काढून टाकलं. यादी ताजी केली. ते तिथेच होतं.

मग त्याने विंडोजची रोजची नोंद उघडली, कोण कधी जोडलं गेलं आणि कधी सुटलं ती. माझ्या पडद्यावर मलाही दिसत होती. हे कार्ड रोज दुपारी साडेतीनला जोडलं जात होतं आणि रात्री बाराला सुटत होतं. रविवार सोडून रोज. नोंद जेवढी मागे जात होती तेवढी.

हितेंद्रचा आवाज बदलला. तो अधिक सभ्य झाला, आणि सभ्य माणसाचा संशय मला शिवीपेक्षा जास्त लागतो. म्हणाला, काकू, दुपारनंतर दुसऱ्या कोणाचं काम घेता का? तसं असेल तर सांगा. कंपनीच्या नियमात बसत नाही, पण मी वर कळवणार नाही. तुम्ही ते लपवायला म्हणून आमचं नको म्हणत असाल तर...

मी त्याला तिथेच थांबवलं. साडेतीनला मी कॉम्प्युटरवरून उठते, ते दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बसते. चहा घेते, कानातलं ऐकायचं यंत्र काढून तासभर पडते. पाचला बायकांबरोबर बागेत, तिथून बाजार, आठला घरी. आल्याबरोबर यंत्र काढून ठेवते, आतल्या खोलीत जेवते आणि नऊला झोपते. चाळीस पानांचं काम मी एका कंपनीचं नीट करते, दोघांचं वाईट करत नाही.

“मग कॉम्प्युटर बंद करून उठता का?”

“नाही.”

“पासवर्ड लावून?”

“नाही.”

“का?”

 मी एवढंच म्हटलं, की घरात मी एकटी असते, लावायचा कोणासाठी?

५

तेवढ्यात दारात सुचित्रा उभी राहिली. शेजारच्या खोलीतली, तिच्या नि माझ्या मधे लाकडी पार्टिशन आहे. कडेवर तिची वर्षाची श्रेया. फोन म्यूट करून मी काय गो म्हणून विचारलं.

म्हणाली, काही नाही मावशी, आज आवाज आला नाही म्हणून बघायला आले. बरं आहे ना?

कसला आवाज, मी विचारलं.

“तुमचा टाईपिंगचा. साडेतीनला लागता ना रोज. हिला त्याची इतकी सवय झालीय, त्याच्यावरच झोपते. आज झोपेचना.” मग हसून म्हणाली, “रात्री थांबलात की मला घड्याळ बघावं लागत नाही. बारा वाजले म्हणून मीच यांना सांगते.”

मी काय बोलले? मी म्हटलं, आज मशीन बिघडलंय. झोपव तिला थोपटून.

तिला खरं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या मजल्याला कळलं असतं आणि रात्री राहुलचा फोन आला असता. सुचित्रा गेली. श्रेया मात्र तिच्या खांद्यावरून मागे बघत राहिली, माझ्याकडे नाही, माझ्या खुर्चीच्या पाठीकडे. एवढी लहान पोरं कुठेही बघतात.

हितेंद्र पलीकडून हॅलो हॅलो करत होता. त्याने पाचव्यांदा चालवलं. नो.

६

पासवर्डच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तेव्हा सापडलं. कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

मी लग्न होऊन या खोल्यांत आले तेव्हा इथे आमची खाणावळ होती. सासूबाईंनी चालवलेली, मग मी. सात गिरणी कामगार, सगळे आमच्याच बाजूचे. सात माणसांना अंथरुणं तीन. गिरणी तीन पाळ्यांत चालायची, सकाळी सात, दुपारी साडेतीन, रात्री बारा, म्हणून अंथरुणंही तीन पाळ्यांत. साडेतीनला पाळी बदलली की निजलेल्याने आपण होऊन उठायचं. अंथरूण गुंडाळायचं नाही, चादर झटकायची नाही. येणाऱ्याला जागा तयार, उबदार मिळायला हवी. ऊठ म्हणायची पद्धत नव्हती. दमून आलेला माणूस तोंडाने मागत नाही. पहिला उठला नाही तर आलेला त्याच्या पायथ्याशी उभा राहायचा. नुसता उभा. अंगावर कापसाचा भुरा, हात खाली. कधी अर्धा तास, कधी तास. आणि निजलेल्याला झोपेतही कळायचं.

गिरण्या गेल्या, खाणावळ गेली. सातही जण आपापल्या गावी गेले आणि तिथे आपापल्या अंथरुणात वारले. मी सगळ्यांच्या तारखा सांगू शकते. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. माझ्या घरात देव्हारासुद्धा सासूबाईंनंतर नुसता पुसला जातो.

पण हात-पाय विश्वास विचारत नाहीत. पन्नास वर्षं साडेतीनला बाहेरची जागा मोकळी करून आत जायची सवय लागलेली. म्हणून साडेतीनला मी खुर्चीतून उठते. मशीन बंद करत नाही, पासवर्ड लावत नाही. चालू, तयार, उबदार सोडून आत जाते. असं मी कधी ठरवून केलं नाही. आणि आज, कॉम्प्युटर घरात आल्यापासून पहिल्यांदाच, मी साडेतीननंतर बसून होते.

घड्याळात चार वीस झाले होते.

माझी खुर्ची जुनी लोखंडी आहे, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी विणलेली. पट्ट्या सैल झाल्यात, बसलं की झोळीसारख्या खाली जातात. मागे दीड हातावर भिंत आहे. तेवढ्या जागेत माणूस उभा राहू शकतो, पण त्याला अंग चोरावं लागतं.

मी मागे वळून बघितलं नाही. भ्यायले म्हणून नव्हे. बघितलं असतं आणि काही दिसलं नसतं, तर मला पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागला असता, आणि वेळ नव्हता.

७

बिघाड शोधायची माझी एक रीत आहे. एकेक गोष्ट काढून बघायची. कीबोर्ड काढला, माउस काढला, जुने ड्रायव्हर काढले. काढायची राहिली होती ती मी.

पावणेपाचला मी हितेंद्रला म्हटलं, थांब जरा, मी सांगेन तेव्हाच चालव. कीबोर्ड आणि माउस पुन्हा उपटले आणि या वेळी काखेत मारले, कोणाला नंतर बोलायला जागा नको. खुर्ची जशी होती तशी मागे सरकवलेली ठेवली. फोन घेतला. चपला न घालता गॅलरीत आले, दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली. आमच्या खोल्यांना दुसरं दार नाही. मोरीच्या खिडकीखाली तीन मजले सरळ खाली जाणारा नुसता पाईप आहे.

गॅलरीत दुपारचं शांत होतं. कोणीतरी खाली भांडी घासत होतं, आणि सुचित्राकडे श्रेया अजून रडत होती. पलीकडे करी रोडच्या नव्या टॉवरच्या काचेत आमची चाळ उलटी दिसत होती. मी फोन कानाला लावला आणि सांगितलं, चालव.

गॅलरीतली खिडकी अर्धी रंगवलेल्या काचेची आहे. पण वरच्या एका तावदानाचा रंग खरवडलेला आहे. तिथून आतलं हातभर दिसतं. टेबलाची कड, पडद्याचा कोपरा, खुर्चीची बैठक.

पडदा काळवंडला.

भांड्यांचा आवाज चालू होता. मी मनात आकडे मोजत होते. एक, दोन. तीनला खुर्चीच्या पट्ट्या खाली गेल्या. हळूहळू, दमलेला माणूस बसतो तशा, आधी एका बाजूने, मग पूर्ण. त्या ताणल्या गेल्याचा करकर आवाज तावदानातून आला. तो मला रोज स्वतःच्या अंगाखाली ऐकू येतो. बाहेरून पहिल्यांदाच ऐकला.

पडदा उजळला.

मी तावदानापासून तोंड बाजूला केलं. त्यापुढचं मी बघितलेलं नाही आणि बघितल्याचं सांगणार नाही.

कानाशी हितेंद्र सुस्कारा सोडत होता. झालं म्हणाला. ड्रायव्हर बसला, कार्ड उभं राहिलं, वाट उघडली, चार वाजून बावन्न मिनिटांनी माझं खातं व्हीपीएनवर हिरवं झालं. आता काही बंद होणार नाही, निश्चिंत असा. मग माणूस जिंकल्यावर बोलतो तसं मोठ्या मनाने बोलू लागला. म्हणाला, रागावू नका काकू, पण मी दुपारपासून हेच सांगत होतो. तुमचाच हात चुकत होता. घरी माझी आईपण अशीच करते, चुकून दाबते आणि दाबलं नाही म्हणते. आता बघा, येस दाबलंत आणि सगळं सुतासारखं सरळ झालं.

मी दाराची कडी हाताने चाचपून बघितली.

“आणि किती घाई कामाची,” तो कौतुकाने म्हणाला. “पान उघडून टाईपही करायला लागलात. दिसतंय मला इथे. चांगला वेग आहे हो तुमचा. मग मघाशी एवढं भांडलात कशाला?”

आतून टकटक ऐकू येत होती. पार्टिशनच्या पलीकडे श्रेयाचं रडणं थांबलं होतं.

मी म्हटलं, “हितेंद्र, कीबोर्ड माझ्या काखेत आहे, मी गॅलरीत उभी आहे, आणि दाराला मी बाहेरून कडी घातली आहे.”